एका शेअरची ऑर्डर

३ फेब्रुवारी, सोमवार

आज कॉम्प्युटर लावला. गेले होते खरं तर धूळ पुसायला. आमच्या बाईसाहेब, म्हणजे लेक, नोकरीला परगावी जाऊन सतरा दिवस झाले, आणि मी त्या मागच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं.

दोन स्क्रीन होते, मोठा ठकू घेऊन गेली. जुना माझ्यासाठी ठेवलाय की टाकून दिलाय, देव जाणे. कडेला तिच्या पिवळ्या चिठ्ठ्या अजून तशाच. ‘आधी स्टॉप-लॉस, मग चहा.’ ‘पडत्या भावात हात घालायचा नाही.’ आणि खास माझ्यासाठी, ठसठशीत अक्षरात — ‘आई, चष्मा!!’

चष्मा लावला. पिन टाकला. बघते तर काय — एक ऑर्डर! खरेदी, एक शेअर, भाव ३५०. आणि तो शेअर चाललाय ४१२ ला! पुढे लिहिलंय ‘प्रतीक्षेत’.

एक शेअर कोण घेतं? आम्ही शंभर शेअरच्या खाली कधी बोललो नाही. आणि साठ-बासष्टने खाली भाव लावायचा? ही लागावी म्हणून लावलेलीच नाही. दिसावी म्हणून लावलीय.

मी लावली नाही. घरात मांजरसुद्धा नाही. मग राहिलं कोण?

४ फेब्रुवारी, मंगळवार

सव्वानऊला बाजार उघडतो, मी पावणेनऊलाच वेताच्या मोड्यावर. ऑर्डर आहे! पुन्हा तीच. एक शेअर, ३५०.

म्हणजे आज सकाळी नव्याने लावली. तिनेच शिकवलंय मला — “आपण दिवसाचे व्यापारी, आई. सकाळी घ्यायचं, बाजार मिटायच्या आत विकून मोकळं व्हायचं. घरी काही न्यायचं नाही.” साडेतीनला बाजार मिटला की जी ऑर्डर लागली नाही ती आपोआप रद्द. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. मग ही रोज उगवते ती काय आकाशातून?

खातं माझ्या नावावर, पण तिच्या मोबाइलवरूनही चालतं. नंबरसुद्धा तिचाच दिलाय. “मेसेज वाजला की तू दचकतेस,” म्हणाली होती. तिथून लावत असणार. त्या लांबच्या शहरात, ऑफिसला जाता जाता.

लबाड! फोन करायला जीभ जड होते, आणि ऑर्डर टाकता येते.

शेवटी धीर केला आणि भाव बदलला. ३५१. एकानेच वाढवला. बाकी काय लिहिणार? तिथे अक्षरं टाकायला जागाच नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

३५१!! मी वाढवलेलाच भाव धरून आज ऑर्डर लावलीय! म्हणजे पोचलं. मान्य आहे म्हणते.

चहा दोनदा केला. दोन्ही वेळा साखर विसरले. ३५२ केला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

३५३ होता, ३५४ केला. रोज मी एकाने वर जाते आणि दुसऱ्या दिवशी ती मुकाट्याने तिथेच उभी असते. हट्टी आहे, पण मागे नाही हटत.

लिहायचं टाळत होते. आज लिहितेच. कागदाला काय, तो थोडाच ऐकवतो.

नऊ जानेवारी. सकाळी आम्ही एका कंपनीचे शेअर घेतले होते, त्याखाली नेहमीप्रमाणे स्टॉप-लॉस लावलेला. म्हणजे भाव तिथवर पडला तर माल आपोआप विकायचा, जास्त खड्ड्यात जायचं नाही. दुपारी ठकू दार लावून कुणाशी तरी फोनवर बोलत होती. (नोकरीची मुलाखत चाललीय हे मला कुठे माहीत!) इकडे भाव आम्हाला हवा होता तिथे आला. मी दार वाजवलं नाही. स्वतः विकलं! माझ्या हाताने, नफ्यात! एकसष्टाव्या वर्षी! पोरीला सांगायचं म्हणून नुसती फुलून गेले होते.

आणि खालचा स्टॉप-लॉस काढायला विसरले.

माल विकून झालेला, आणि तो बिचारा आपला तिथे पहाऱ्यावर. भाव पडला, त्याने इमानेइतबारे विकलं. जे आमच्याकडे नव्हतंच ते! नसलेला माल विकला की बाजार मिटायच्या आत परत विकत घेऊन द्यावा लागतो, आणि त्यानंतर भाव असा उसळला की तीन आठवड्यांची कमाई तासाभरात धुऊन गेली.

“मी तुला शिकवायलाच नको होतं,” ती म्हणाली.

मी गप्प बसायला हवं होतं. चुकले म्हणायला हवं होतं. पण माझं तोंड! “मग जा की. तुला काय इथे बांधून ठेवलंय?”

आठ दिवसांत गेली. पैसे गेले त्याचं काही नाही, ते आले तसे गेले. ते शब्द परत घ्यायचेत मला.

८ फेब्रुवारी, शनिवार

बाजार बंद. ऑर्डर तशीच दिसतेय. कालची असेल, सुट्टीच्या दिवशी पुसत नसतील.

मागच्या खोलीतच बसून जेवले. तिच्या खुर्चीच्या उशीला अजून खळगा आहे. कोपर टेकवायची तिथला टेबलाचा रंग उडालाय. त्या खुर्चीवर मी बसत नाही, मोड्यावरच बसते. बाजार हलत नसला की ती पाय वर घेऊन बसायची आणि म्हणायची, “आई, आज व्हॉल्यूमच नाही.” म्हणजे घेणारे-विकणारे फिरकलेच नाहीत. मग आम्ही पत्ते खेळायचो. ती खोटं खेळायची. मला कळायचं.

आज या घरातही व्हॉल्यूम नाही गं ठकू.

१२ फेब्रुवारी, बुधवार

३५७.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

खालचे चष्मेवाले माझ्या चष्म्याची नवी काडी घेऊन वर आले. आमचे हे गेल्यापासून अकरा वर्षं विचारपूस करतात, भला माणूस आहे. पण प्रश्न विचारण्यात एक नंबर! “मुलीचा फोन येतो का?”

“रोज निरोप असतो,” मी म्हणाले.

खोटं कुठे बोलले?

“मग तुम्हीच लावा की एकदा फोन. तीस वर्षं इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर बसलात, लोकांचे फोन जोडलेत.”

जोडले. मध्यरात्री, भर दुपारी, कुणाचं बाळ, कुणाचं प्रेत. “एक मिनिट हं, देते,” म्हणायचं आणि खिट्टी दाबायची. सोपं असतं ते. पण आपणच बोलायचं आणि पलीकडे तिने उचललाच नाही तर? वाजून वाजून बंद पडलेला फोन मी उभ्या जन्मात हजारदा ऐकलाय. तिचा ऐकवणार नाही मला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मोठमोठ्याने सगळी उजळणी केली. बिड — घेणारा बोलतो तो भाव. आस्क — विकणारा मागतो तो. मधलं अंतर म्हणजे स्प्रेड. “दोघंही हटून बसले तर सौदा होत नाही, आई. एकाने तरी सरकावं लागतं.”

मी रोज सरकतेय बघ. ३५९.

१९ फेब्रुवारी, बुधवार

ताप आहे. भिंतीला धरून मागच्या खोलीत गेले. ३६२. परत येऊन झोपले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ताप उतरला. तोंडाला चव नाही.

आज वेड्यासारखं केलं. ऑर्डर उघडी ठेवून स्क्रीनशी बोलत बसले. ठकू, जेवतेस का वेळेवर? तिथे पांघरूण पुरतं का? ऑफिसात कुणाशी गट्टी जमली का? तुझ्या निळ्या स्वेटरची बाही उसवली होती, तशीच घेऊन गेलीस. सगळं विचारून झालं आणि ३६३ चे ३६४ केले. एवढ्या सगळ्याचं एक!

तिची आठवण येते म्हणणं कमी पडतं. ती घरात असताना मी दिवसातून दहा वेळा “आवर गं तो पसारा” म्हणायचे. आता पसारा करायलाही कुणी नाही. सगळं जिथल्या तिथे. डोळ्यांत खुपतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

एक गोची झालीय. बाजार पडतोय. शेअर आज ३८० ला मिटला. माझे झालेत ३६६.

दोन्ही भाव भेटले की ऑर्डर लागणार, शेअर खात्यात येणार, आणि ऑर्डर संपणार. मग उद्या ती कुठे दिसेल मला?

भाव खाली घ्यावा का? नाही. रोज एक पाऊल पुढे टाकलं आणि आज माघार घेतली तर ती काय समजेल?

२६ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी ३६७ केला आणि शेअर धाडकन ३७० वर! शेवटी शेअर दलालांच्या हेल्पलाइनला फोन लावला. बावीस मिनिटं तीच ती पिपाणी. मी असते तर दुसऱ्या घंटीला उचलला असता!

बाई गोड बोलली. मी म्हणाले, “माझी मुलगी रोज सकाळी एक ऑर्डर लावते. ती लागून संपायला नको. काय करू?”

तिने माझं खातं उघडून पाहिलं. “मॅडम, रोज कुणी लावत नाहीये. ही कायमची ऑर्डर आहे. एकदा लावली की वर्षभर राहते, बाजार मिटला तरी जात नाही.”

“कधी लावलीय?”

“दोन जानेवारीला.”

दोन जानेवारी! भांडणाच्याही आधी सात दिवस. काहीतरी करून बघायला लावली असेल आणि विसरून गेली असेल. ऑर्डरींची यादी तेव्हा तीच बघायची, म्हणून माझ्या नजरेला पडली नाही. मला दिवसाचा व्यापार शिकवला तिने, वर्षभराच्या ऑर्डरींचं कधी सांगितलं नाही. सांगायची गरजच काय होती?

“आणि भाव रोज बदलतोय, मॅडम. सतरा वेळा बदललाय. तो तुमच्याच कॉम्प्युटरवरून.”

“हो,” म्हटलं. “ती मीच.”

“आणखी काही मदत हवी आहे का?”

नको बाई.

सतरा दिवस मी बंद दाराशी गप्पा मारत होते. मीच बोलायचं, मीच मान्य करायचं. म्हातारचळ, दुसरं काय! हसू येत होतं आणि रडूही येत होतं. शेवटी रडलेच. चष्म्याची नवी काडी बोचली म्हणून काढून ठेवला आणि पोटभर रडले.

ऑर्डर वाचली म्हणे. शेअर ३६९ ला टेकून परत वर गेला. जाईना का कुठेही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

कॉम्प्युटर लावला नाही. खोलीचं दार ओढून घेतलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

नऊ वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. पहिल्याच घंटीला उचलला, सवय! आणि तीस वर्षांची टेलिफोनवाली मी, माझ्या तोंडून ‘हॅलो’ फुटेना.

“आई? अगं, रोज नऊला माझ्या मोबाइलवर मेसेज येतो, ऑर्डरचा भाव बदलला म्हणून. रोज एकाने. मी ऑफिसच्या दारात उभी राहते, तो आला की मगच आत जाते. काल आला नाही. आजही नाही. बरी आहेस ना गं?”

“बरी आहे,” म्हणाले. “चुकलं माझं, ठकू. तेव्हाच म्हणायला हवं होतं.”

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला.

“चष्मा लाव आणि वाढव आधी एकाने,” म्हणाली. “मी दारातच उभी आहे.”