बोटभर सरकवलेला पडदा

९ जुलै

प्रिय चिमणे,

तुझी तिन्ही पत्रं पोचली. घसा बसला होता म्हणून उत्तराला उशीर झाला, असं लिहिणार होते. पण पत्र लिहायला घसा कुठे लागतो? आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा दुखतो, तरी जिना चढू नकोस म्हटलं की मुद्दाम दोनदा चढते. तुझ्या भावजींनी नवा चष्मा आणलाय आणि जुनाच लावतात.

तिन्ही पत्रांच्या शेवटी तू एकच ओळ लिहिलीस, 'सरांनी काही विचारलं का गं?'

विचारलं होतं. दोन महिन्यांपूर्वी.

आधी ते तीन प्रयोग. माझा आवाज गेला, दिग्दर्शक आपले सर बाहेरगावी अडकलेले, आणि तू ऑफिसातून रजा काढून धावत आलीस. अकरा वर्षं मी या नाटकात वहिनीचं काम करतेय, आणि लग्न होईपर्यंत घरी माझे संवाद तूच म्हणवून घेतलेस, तुला नाटक पाठच होतं. मी विंगेत शाल गुंडाळून उभी होते. दुसऱ्या अंकात घरातून पळून गेलेली नणंद परत येते, दार वाजवते, आणि वहिनी दार उघडत नाही. मी तिथे दाराला पाठ लावून रडत आले. तू रडली नाहीस. आधी खिडकीशी गेलीस, पडदा बोटभर सरकवून शेजारपाजारच्यांनी पाहिलं का ते बघितलंस, आणि मग कडी घातलीस.

थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. ती वहिनी दुष्ट नाही, अब्रूला घाबरलेली आहे, हे मला तेव्हा कळलं. माझीच भूमिका, आणि कळलं तुझ्याकडे बघून! माझ्या पोटात जे पेटलं ना, ते अजून विझलेलं नाही.

आवाज परत आल्यावरच्या पहिल्याच प्रयोगात मी पडदा सरकवला. सर अंक संपताच आत आले ते डोळे पुसतच.

"अकरा वर्षांनी हे कुठून सुचलं तुला?"

"सुचलं आपलं," मी म्हटलं.

पेपरातही ते माझंच म्हणून छापून आलं. कात्रण आईनं तुला पाठवलं. तू त्यावर एक अक्षर लिहिलं नाहीस. चार शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात सर म्हणाले, "तुझ्या बहिणीनं तीन प्रयोग सांभाळले म्हणे. नव्या नाटकात मुख्य भूमिकेसाठी बघू का तिला?"

मी म्हटलं, "तिच्या सासरी नाही चालायचं, सर. लोक नावं ठेवतील."

आणि तुझ्या सासूबाई तर तिन्ही प्रयोगांना पहिल्या रांगेत बसून टाळ्या पिटत होत्या!

काल प्रयोगाआधी मेकअपच्या मावशी माझे केस बांधत होत्या. तोंडात आकडे धरून म्हणाल्या, "पडद्याचं ते धाकटीनं केलं, तेव्हा मी विंगेतच होते हो."

एवढंच. मी अर्धे केस मोकळे तशीच उठले आणि सरांना सगळं सांगितलं. पडद्याचंही, सासरचंही. मला थोर समजू नकोस. मावशींच्या तोंडून कळण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं दिसेल, म्हणून सांगितलं.

सरांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "तिला बोलाव."

"आणि मी?"

"नाटकात तिच्या आईची भूमिका रिकामी आहे."

आपल्यात पाच वर्षांचं अंतर, चिमणे! मी हो म्हटलं. नाही म्हणाले असते, तर सगळ्या कंपनीला कारण कळलं असतं.

तालीम सोमवारी दहा वाजता. आपल्याच घरी उतर. पण आल्या आल्या गळ्यात पडू नकोस, आणि 'जाऊ दे गं ताई' तर अजिबात म्हणू नकोस, मला सोसायचं नाही. काम मात्र अगदी जीव ओतून कर. तू कुठे चुकतेस का, हे मी रोज टपून बघणार आहे. चुकू नकोस.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
ताई