दुसरी फिशप्लेट

प्रिय सुलू,

तुला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. एका घरात राहून नवरा-बायको कशाला पत्रं लिहितील? पण आज कैऱ्या खारवायला काढल्या आणि घरात अशी एक वस्तू सापडली, की तुला विचारल्याशिवाय मला राहवेना.

तू गेल्यानंतरचा हा पहिला वैशाख. आपली मनी सासरहून आली आहे. तुझीच बरणी, तुझंच मिठाचं माप. झाकणावर तू ठेवायचीस ते हिरव्या साडीच्या तुकड्यात शिवलेलं वजन धुवायला म्हणून तिने टाके उसवले आणि ओरडली, "बाबा, ह्यात दगड नाय! लोखंड हाय!"

चार भोकांची फिशप्लेट, सुलू! दोन रूळ जोडणारी पट्टी. आपल्याच लाइनीची!

आपली लाइन म्हणजे ती, करंजाडीकडच्या डोंगरात रेल्वेचा बोगदा खोदताना दगड-माती वाहायला घातलेली, ट्रॉलीची. काम संपलं, रूळ उचलून नेले, उरलंसुरलं रानाने गिळलं. ते मी शोधून काढलं. नववी नापास माणसाने, वेल्डिंगच्या दुकानातून सवड काढून. ती कुठून वळली, पऱ्याचं पाणी कुठे ओलांडलं, हे माझ्याइतकं नेमकं कोणी सांगणार नाही. फुशारकी नाही ही. बरं, थोडी आहे.

दिवाळीनंतर गवत वाळलं की आपण निघायचो. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि तुझी टकळी. "भंगारवाला परवडला ओ! तो बदल्यात बटाटे तरी देतो." तरी खिळे तुलाच आधी दिसायचे! मी गुडघ्यावर बसून जमीन उकरायचो आणि तू पायाने पाला सारून म्हणायचीस, "हे काय हाय, बघा." कधी फार चाल झाली, की दुसऱ्या दिवशी सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायचं, ही तुझी अट.

अंगणात मी त्या लाइनीचा सांधा मांडला. दोन रुळांची टोकं आणि एका बाजूला फिशप्लेट. दुसऱ्या बाजूची काही मिळेना. महाडच्या भंगारात एखादी मिळाली असती, पण परक्या लाइनीची पट्टी लावणं म्हणजे खोटेपणा. शाळेतले गुरुजी मुलांना घेऊन बघायला आले आणि म्हणाले, "दुसरी पट्टी कुठंय?" त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं. त्या एका पट्टीसाठी दरवर्षी मी रान पालथं घातलं. तू मागून चालत म्हणायचीस, "मिळंल ओ. घाई कसली?"

घाई कसली! ती घरातच होती, चुलीमागच्या फळीवर, माझ्या डोळ्यांसमोर!

आधी मला रागच आला. मग वाटलं, तुला काय माहीत, वजनाला बरी म्हणून उचलली असशील. पण नाही. साडीच्या आत मेणकापड आणि पट्टीला खोबरेल चोळलेलं. मिठाच्या बरणीवर इतकी वर्षं राहून गंजाचा ठिपका नाही! माझ्या अंगणातल्या पट्टीचे पापुद्रे सुटलेत. दरवर्षी टाके उसवून तेल लावायचीस ना? आणि मला पत्ता लागू दिला नाहीस?

मी मनीपुढे तणतणत होतो. ती कैऱ्या पुसता पुसता म्हणाली, "बाबा, पट्टी तेव्हाच मिळाली असती, तर आईला घेऊन पुन्हा गेला असतात रानात?"

नसतो गेलो. सांधा पुरा झाला असता आणि मी दुकानात बसलो असतो.

मग मी पट्टी अंगणात नेऊन लावून पाहिली. चारही भोकं जुळली. हातोडीला हात न लावता बोल्ट आत सरकला! थोडा वेळ बघत उभा राहिलो. असा सांधा तालुक्यात दुसरा नाही. मग काढली. खोबरेल लावलं. मनीने ती पुन्हा शिवली, पण टाके तुझ्यासारखे बारीक येईनात, म्हणून मी दोनदा उसवायला लावले. तिने तुझ्यासारखंच तोंड केलं. पट्टी बरणीवर ठेवली आहे.

दिवाळीनंतर गवत वाळलं की मी निघेन. भाकरी मनी देणार आहे. गुरुजींनी पुन्हा विचारलं, तर त्यांच्या डोळ्यांत बघून सांगेन, "शोधतोय." चुकीची माहिती मी आजवर कुणाला दिली नाही, ही एक तुझ्यासाठी देईन. आणि दर वैशाखात तेल लावेन, हा माझा शब्द.

तुझाच,
भंगारवाला