लल्ला बतूलचे पाव आणि नारिंगी छत्री

प्रिय धाकट्या अल्लाल,

फेसहून तुझ्या थोरल्या थामीचे तुला, तुझ्या बायकोला आणि गच्चीवरच्या त्या चावऱ्या कोंबड्यालासुद्धा भरपूर आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? मेकनेसच्या हवेने बरी होईल असं तूच म्हणाला होतास, म्हणून मी काही म्हणत नाही. माझे गुडघे परवापर्यंत उत्तम होते. परवा ते का बिघडले, त्याचंच हे पत्र.

नुझाने परदेशी पाहुण्यांना शहर फिरवायचं काम करावं की नाही, असं तू विचारलं होतंस, आणि मी म्हणेन ते ऐकेन असंही लिहिलं होतंस. तर ऐक. मुळीच करू नये. लेकीला घरी बोलावून घे.

परवा मी तिची परीक्षा घ्यायला म्हणून तिच्या बारा पाहुण्यांच्या घोळक्यात शिरलो. ऊन नाही, पाऊस नाही, आणि आपल्या घराण्यातली मुलगी मिटलेली नारिंगी छत्री निशाणासारखी उंच धरून चाललेली. दर वळणावर थांबायचं आणि सांगायचं, हा हौद अमक्याने बांधला, ही कमान तमक्या साली उभी राहिली. त्या हौदाशेजारी बसून मी पन्नास वर्षं शिंगाच्या फण्या घासल्या. मला कुणी साल विचारलं नाही, आणि हौदाचंही काही अडलं नाही. मी मधूनमधून दुरुस्त्या सुचवल्या. (आठ. तुझ्या कानावर दहा येतील. त्यातल्या दोन वाटेत आडव्या आलेल्या खेचराला होत्या.) नुझा प्रत्येक वेळी पाहुण्यांना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगायची. मला वाटलं, माझं म्हणणं सांगते आहे. नंतर कळलं, ती म्हणत होती, काकांना जरा दम लागलाय.

नदी ओलांडल्यावर मी म्हणालो, आता वाट मी दाखवतो, फेसमध्ये जन्मलेल्याला छत्री लागत नाही. (पलीकडच्या तीरावर मी आजवर फक्त मयतींना गेलोय, आणि मयतीत माणूस पुढच्याच्या पाठीकडे बघून चालतो, हे तेव्हा ध्यानात यायला हवं होतं.)

पहिल्याच गल्लीत एक दार किलकिलं झालं, एक हात बाहेर आला, आणि सहा कच्च्या पावांची फळी माझ्या हातात. वर निळ्या काठाचं कापड. "जाता जाता मोहल्ल्याच्या भट्टीवर भाजायला ठेवा, सिदी. लल्ला बतूलचे म्हणून सांगा. दुपारी जावई यायचाय." दार बंद. आता तूच सांग, लहानपणी आपण अशा किती फळ्या वाहिल्या? दारावरून जाणाऱ्याने शेजाऱ्याची फळी न्यायची. नाही म्हणणारा फेसचा नव्हेच. आणि पाहुण्यांच्या देखत "भट्टी कुठे आहे हो?" असं विचारणारा तर त्याहून नव्हे. म्हणून मी विचारलं नाही. निघालो.

पुढे मी नि फळी, मागे बारा जण, त्यांच्या मागे तुझी लेक. एक गल्ली भिंतीला टेकली. दुसरी चामडं धुणाऱ्यांच्या अंगणात उघडली. तिसरीने पुन्हा पहिलीत आणून सोडलं. इकडे पीठ फुगून कापड उचलायला लागलं. फळीवर सहा पाव नव्हे, सहा जावई बसलेत असं वाटे. नुझाने एकदाच विचारलं, काका, फळी मी घेऊ का? मी म्हणालो, तू तुझी छत्री सांभाळ.

तिसऱ्यांदा त्याच दारावरून गेलो तेव्हा लल्ला बतूल उंबऱ्यात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "सिदी, माझे पाव हवा खायला निघालेत का?"

मी फळीवरचं कापड नीट करू लागलो. तेव्हा नुझा पुढे झाली. ती काय बोलली ते शब्दन् शब्द लिहितो, कारण मला खरा राग त्याचाच आलाय. "लल्ला, माझे काका पाहुण्यांना फळी नेण्याची रीत दाखवताहेत. मीच म्हटलं त्यांना, सावकाश दाखवा."

मग छत्री वर केली, दोन वळणं घेतली, आणि समोर भट्टी. भट्टीवाल्याने पावावरची घराची खूण पाहिली आणि मला विचारलं, बतूलचे पाव तुम्ही कुठल्या गावाला जाऊन आणलेत? भाजल्यावर ते पसरून थाळीएवढे झाले. परत नेऊन दिले तेव्हा लल्ला बतूलनी त्यातलाच एक मोडून जैतुनाच्या तेलाबरोबर माझ्यापुढे ठेवला. जावयाला सांगेन नवी तऱ्हा आहे, म्हणाल्या.

आता सांग, ज्या कामात पोरीला वडीलधाऱ्याची लाज राखायला भर रस्त्यात खोटं बोलावं लागतं, ते काम तिने करावं? माझा निकाल मी वर दिलाच आहे.

तुझा (आणि नुझाशी दोन दिवस अबोला धरलेला)
थामी

ता. क. निळ्या काठाचं कापड चुकून माझ्याच खांद्यावर घरी आलं. परत करायला काल दोनदा नदी ओलांडली. दोन्ही वेळा चामडं धुणाऱ्यांच्या अंगणात पोचलो. दुसऱ्या वेळी त्यांनी चहा दिला. तेव्हा नुझाची फेरी त्या बाजूला कोणत्या वारी असते, ते तिला विचारून कळव. मी विचारलं म्हणू नकोस. आणि लेकीला घरी बोलवायचं जे वर लिहिलंय, ते करू नकोस.

आणखी एक. छत्रीचा रंग बदलू नको म्हणावं. लांबून दिसतो.