संग्रहालयातला बघण्याचा कार्यक्रम

॥ श्री ॥

शिंदखेडा,
२८ ऑक्टोबर २०२४

ती. भाऊस,
कोकिळाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपलं बोलणं भांडणावर जातं आणि तू मधेच फोन ठेवतोस, म्हणून हे पत्र. पत्र तुला फार तर फाडता येईल, पण त्याआधी वाचावं लागेल.

हितेंद्रसाठी धुळ्याचं एक स्थळ आलं आहे. मुलगी भाविका, पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला आहे. वडील हेमराजभाऊ सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत. आई कामिनीबाई मूळच्या पाचोऱ्याकडच्या, शेतकऱ्याच्याच घरातल्या. मुलगा केळीची शेती करतो म्हटल्यावर त्यांनी विषय बदलला नाही, यातच मला आशा वाटली. मागच्या लोकांनी काय केलं ते तुला माहीत आहे. हितेंद्र तेहतिशीला आला, आता आपण नखरे करायचे नाहीत.

एक अडचण आहे. पहिल्याच भेटीला तुमच्या घरी यायला ते संकोचतात, आणि स्वतःच्या घरीही बोलवत नाहीत. जमलं नाही तर शेजाऱ्यापाजाऱ्यांत बोभाटा नको, असं त्यांचं म्हणणं. कामिनीबाईंनी मधली जागा सुचवली. एरंडोलच्या अलीकडे हायवेला लागून शिवार संग्रहालय निघालं आहे. जुनी मातीच्या धाब्याची घरं, गोठे, मोट, खळं असं सगळं मोकळ्या जागेत मांडलं आहे. शाळांच्या सहली येतात, जेवणाची सोय आहे, आणि पोरा-पोरीला फिरत फिरत बोलता येईल.

तू आता कपाळाला आठ्या घातल्या असशील. घाल, पण नाही म्हणू नकोस. तिथे केळीच्या भावावर बोलायचं नाही, नोकरदारांवर तर नाहीच. आमच्या घरचे म्हणतात, “तुना भाऊले सांग, तठे जाईसन फक्त जेवजो म्हना.” मलाही तेच वाटतं.

वहिनींना नमस्कार. रागव, पण बहिणीवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
कोकिळा


॥ श्री ॥

मुक्ताईनगर,
४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. कोकिळास,
जीवरामचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. फाडलं नाही. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा डोकं फिरलं.

माझ्या मळ्यात पेरणीची पांभर आहे, वखर आहे, गोठ्यात दोन बैल उभे आहेत, आणि मी भाड्याची गाडी करून बैल बघायला एरंडोलला जायचं? ज्यांना माझ्या घराचा उंबरा ओलांडायला संकोच वाटतो, त्यांना नकली घराचा उंबरा कसा चालतो, हे मला कुणी समजावून सांगावं. आपल्या आबांच्या काळी सोयरीक जमवायची तर आधी घर बघत, विहीर बघत, घरातल्या बाईच्या हातचं खाऊन बघत.

आपल्या घरात बघण्यासारखं काय आहे ते त्यांना यायचं नसेल तर तू तरी सांग. आपल्याकडे कामाला येणारा माणूस घरून डबा आणत नाही. वर्षाच्या कराराने ठेवलेला सालदार असो की केळी कापणीची टोळी, आबांपासून सगळे आपल्याच चुलीवरचं जेवतात. सगळ्या तालुक्यात असं घर आता उरलेलं नाही. मुलीला कशाची कमी पडणार नाही.

तरी येतो. तुझ्यासाठी नाही, पुष्पासाठी येतो. तिचे गुडघे आता बोलायला लागलेत. सूनबाई घरात आली की तुला आराम, असं मी तिला तीन वर्षं सांगतो आहे. तिला विचारलं, जायचं का संग्रहालयात, तर म्हणाली, कुठेही चला. हितेंद्र नेहमीसारखा गप्प. नवीन शर्ट मात्र स्वतः जाऊन घेऊन आला.

तुझ्या नवऱ्याला, भाईदासरावांना सांग, मी जेवणारच आहे, पण तोंड जेवण्यापुरतंच उघडेन याची हमी नाही.

मोठ्या भावाचं बोलणं मनाला लावून घेऊ नये, एवढंच.

तुझा,
जीवराम


॥ श्री ॥

मुक्ताईनगर,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. कोकिळास,
अ. उ. आ.

काल परतताना तुझा फोन आला तेव्हा गाडीत मी बोललो नाही, कारण ड्रायव्हर गावातला होता. आता लिहितो.

तू आणलेली माणसं वाईट नाहीत. पण मला त्यांचा संताप आला तो अजून उतरलेला नाही. फाटकातून आत शिरल्यापासून ते हेमराजभाऊ हरखून गेले होते. गोठा दिसला की वा, कणगी दिसली की वा. बैलांच्या गळ्यात गळा घालून फोटो काढले. बैल तरी कसले, ऊन लागू नये म्हणून पंख्याखाली बांधलेले. मोटेच्या विहिरीवर तर लोखंडी जाळी, आणि पाणी पडावं म्हणून खाली मोटार लावलेली. तरी मी गप्प होतो, तू बजावलं होतंस म्हणून.

खळ्याजवळ बाजांवर आपण सगळे बसलो. हितेंद्र आणि ती मुलगी जात्यांच्या ओळीकडे गेली होती. पुष्पा आणि कामिनीबाई त्या मातीच्या स्वयंपाकघरात होत्या. हेमराजभाऊ म्हणाले की काय सुखाचे दिवस होते, आपण सगळं हरवून बसलो. मी म्हणालो, हरवलं कुठे, आमच्याकडे आहे की. त्यावर ते हसून म्हणाले, हो, पण आता मुलींना ते झेपत नाही. एवढ्या सहज म्हणाले, जशी पावसाची गोष्ट करावी.

मग मी बोललो, आणि त्याची मला लाज वाटत नाही. “फोटो काढायला शेती गोड, आणि पोरगी द्यायची वेळ आली की तोंड कडू.” एवढंच बोललो. आवाज चढला असेल. शाळेची पोरं वळून बघायला लागली, त्यांच्या बाई त्यांना पुढे घेऊन गेल्या. यात मी खोटं काय बोललो ते सांग.

आज सकाळी त्यांचा निरोप आला, सध्या विचार नाही. बघ, मी म्हटलंच होतं. शेतकऱ्याचा पोरगा कष्टाळू असो, निर्व्यसनी असो, त्याच्या नशिबी संग्रहालयच.

हितेंद्र पहाटेच मळ्यात गेला तो जेवायलाही आला नाही. पुष्पा काल संध्याकाळपासून माझ्याशी धड बोलत नाही. सगळ्यांना मीच दोषी दिसतो. तू तरी तसं म्हणू नकोस.

तुझा,
जीवराम


॥ श्री ॥

शिंदखेडा,
२५ नोव्हेंबर २०२४

ती. भाऊस,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणू नकोस म्हणालास, तरी म्हणते. दोषी तूच आहेस असं मला आठवडाभर वाटत होतं. बाजेवरून उठून हातवारे करत बोलत होतास तू. तुझ्या तोंडून शब्द पडले आणि हेमराजभाऊंच्या हातातला ताकाचा पेला तसाच राहिला. मी मान वर करू शकले नाही. एवढं करून पुन्हा म्हणतोस, आवाज चढला असेल. तो मोटेपर्यंत ऐकू गेला.

रागाच्या भरातच मी कामिनीबाईंना फोन केला. तुझ्या वतीने माफी मागितली. म्हटलं, माझा भाऊ तोंडाचा फटकळ आहे, मनाचा नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की त्यांना तुझ्या बोलण्याचा राग आलेला नाही. तू जे बोललास त्यात खरं होतं, असंही म्हणाल्या. मुलगा त्यांना आवडला होता. भाविकालाही आवडला होता. नोकरी चालू ठेवायची असेल तर भुसावळला लॅब आहेत, मी सोडत आणत जाईन, असं हितेंद्र तिला स्वतःहून म्हणाला. आपला मुका हितेंद्र एवढं बोलला, भाऊ.

मग अडलं कुठे, असं मी विचारलं. त्यांनी आधी वहिनींचे गुडघे कसे आहेत ते विचारलं. मग म्हणाल्या, “तुमच्या वहिनींना विचारा. मी सांगणं बरं दिसणार नाही.”

मला काही कळेना. वहिनी तर दिवसभर चार शब्द बोलल्या नव्हत्या. फोन केला तर त्या म्हणाल्या, कामात आहे, लिहून कळवते. वहिनींनी मला आजवर कधी पत्र लिहिलेलं नाही. तिथे काय झालं होतं, तुला काही ठाऊक आहे का? आधी शांतपणे विचार त्यांना. ओरडू नकोस.

तुझी,
कोकिळा


॥ श्री ॥

मुक्ताईनगर,
२ डिसेंबर २०२४

सौ. कोकिळाताईंस,
पुष्पाचा स. न. वि. वि.

मला लिहायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

त्या संग्रहालयात जे स्वयंपाकघर होतं, तिथे एक रूपा नावाची बाई चुलीपुढे बसून भाकरी करते. बघायला आलेल्या बायका तिच्या शेजारी बसून फोटो काढतात. कामिनीबाई म्हणाल्या, तुम्ही बसा, तुम्हाला येत असेल. मी बसले. भाकरी थापली, तव्यावर टाकली, फुगली. बाजूच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. एकीचा व्हिडिओ नीट आला नाही म्हणून तिने मला पुन्हा एक करायला लावली. तीही केली. उठताना मला उठता येईना. कामिनीबाईंनी आणि त्या रूपाने हात धरून उठवलं.

मग बाहेर ओट्यावर बसलो तेव्हा कामिनीबाईंनी विचारलं, घरी किती करता? मी सांगितलं, घरच्यांच्या, सालदाराच्या, मजुरांच्या. टोळी असली की त्यांच्याही. गॅस नाही का, असं विचारलं. मी म्हटलं, आहे, पण गॅसवरची भाकरी यांना चालत नाही. आजारी पडलात तर? मी म्हटलं, तरी करते. त्यांचे डोळे भरून आले. त्यांची आई पाचोऱ्याकडे अशीच जन्मभर चुलीपुढे बसून वारली. त्या मोठ्या हौसेने त्या जागी आल्या होत्या, आईचं घर बघितल्यासारखं वाटेल म्हणून. आत आल्यावर मात्र जीव घाबरला, म्हणाल्या.

नंतर त्यांनी विचारलं, लग्न झालं तर हे कोण करणार? यांनी मला तीन वर्षं सांगितलंय, सूनबाई आली की तुला आराम. ते वाक्य मला तेव्हा आठवलं. मला आराम म्हणजे त्या पोरीला चूल. मी हे आधी कधी असं मांडलंच नव्हतं. मग माझ्या तोंडून निघालं, “माह्या घरी जसं शे तसंच राहणार असन, तं पोर देऊ नका. माही असती तं मी बी नसती देली.”

हितेंद्र माझा एकुलता मुलगा आहे. त्याचं घर बसावं म्हणून मी किती सोमवार धरले ते मला माहीत. आणि मीच मोडलं. रात्रीची झोप लागत नाही. पण पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच सांगेन, असंही वाटतं.

हे पत्र बंद करायच्या आधी मी यांना वाचून दाखवलं. अर्ध्यावर उठून मळ्यात गेले. हितेंद्र दारात उभा राहून ऐकत होता. दुपारी जेवण झाल्यावर सगळ्यांची ताटं त्याने घासली. मजूर बघत राहिले.

भाईदासभाऊंना नमस्कार. माझ्याबद्दल मनात काही आणू नका.

तुमची,
पुष्पा


॥ श्री ॥

मुक्ताईनगर,
१२ डिसेंबर २०२४

चि. सौ. कोकिळास,
अ. उ. आ.

पुष्पाचं पत्र तुला पोचलं असेल. मला ते आधीच ऐकवलं गेलं.

माझा राग कुणावर आहे ते मला समजत नाही, म्हणून सगळ्यांवर निघतो. सालदारावर ओरडलो, ड्रिपच्या नळीवर ओरडलो. आबांनी सांगितलेली रीत मी अभिमानाने चालवली. दहा गावांत नाव होतं, जीवरामच्या मळ्यात माणूस उपाशी राहत नाही. त्या नावामागे कोण राबत होतं, हे मला परक्या बाईने एका दुपारात दाखवावं? आणि पुष्पाने ते तिला सांगावं, मला नाही?

मी तिला विचारलं तसंच. म्हटलं, एवढ्या वर्षांत मला एकदा तरी बोलायचं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुम्ही कधी विचारलं? त्या बाईनं विचारलं.”

मी पुन्हा मळ्यातच गेलो.

कालपासून मजुरांना सांगितलं आहे, डबा घेऊन या. दोघं-तिघं नाराज झाले, एक जण मला म्हणाला, नाना, आता तुमचं ते घर राहिलं नाही. मी त्याला हाकललं नाही, पण हाकलावंसं वाटलं. सालदाराचं जेवण त्याची बायको लताबाई घरून करून पाठवते. घरात भाकरी गॅसवर होते. बरी लागत नाही. खातो.

हितेंद्रसाठी आता स्थळ आणू नकोस. त्याने स्वतःच सांगितलं, आधी घरातलं बघू. माझ्याकडे न बघता त्याच्या आईकडे बघून सांगितलं. कामिनीबाईंना काही कळवू नकोस. कळवायला आपल्याकडे अजून काही नाही.

लिहायचं कारण वेगळंच आहे. पुष्पा तुझ्याकडे यायचं म्हणते. कुणाचं लग्न नाही, आजारपण नाही, सण नाही. सहज, म्हणाली. एवढ्या वर्षांत ती सहज कुठे गेलेली मला आठवत नाही. पुढच्या शुक्रवारी, २० तारखेला, भुसावळहून गाडीत बसवून देतो, तुम्ही दोघं स्टेशनवर या. तिच्या गुडघ्याला फलाटाची पायरी उंच पडते, भाईदासरावांनी हात द्यावा. तुझ्याकडे तिला स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभं करू नकोस.

परत कधी येणार हे मी दोनदा विचारलं. ती म्हणाली, बघते. तूही विचारू नकोस. राहू दे तिला वाटेल तेवढं.

पण आपणहून काही बोलली, तर मला कळव.

तुझा,
जीवराम