एकतिसावी चाल आणि माझं सामान

मी, वय सव्वीस, डोकं ठिकाणावर, कुणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. उद्या मालवाहू जहाजावर रुजू होतोय. भरतीचा कारकून म्हणाला, "परत नाही आलास तर सामान कुणाचं, ते लिही आणि मग भटक."

१. सायकल ताईला. ब्रेक लागत नाहीत. कधीच लागत नव्हते.

२. माझे डोंगरातले बूट हरवणाऱ्या मित्राला काहीही नाही. तंबूसुद्धा नाही. तंबूही ताईला.

३. चुंबकी बुद्धिबळपट मामांना. मामा ग्रँडमास्टर. सात वर्षांपूर्वी क्लबात ते बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राशी खेळले. यंत्राच्या चाली पटावर मी करत होतो. मामांचं मानांकन २५१०, यंत्राचं तीन हजारांच्या वर. तरी बरोबरी! तेव्हापासून मामा ऐकवतात, "ते आकडे यंत्रांनी आपसात खेळून मिळवलेले. तराजूच वेगळा. माणसाशी गाठ पडल्यावर काय झालं?"

काल ट्रंक आवरताना यंत्राने छापलेला चालींचा कागद सापडला. एकतिसाव्या चालीला यंत्राने हत्ती डीच्या उभ्या ओळीत नेला होता. मी ठेवला ईच्या. पडद्यावर पट पांढऱ्याच्या बाजूने दिसायचा, मी बसलो होतो काळ्याच्या. डोक्यात उलटवता उलटवता एकदा चुकलो. लगेच मामांनी बरोबरी सुचवली. यंत्राचा मालक जेवायच्या घाईत, पट बघून हो म्हणाला.

हे मी मेल्यावर मामांना कळावं.

(इथवर लिहिलं आणि मामा चहा घेऊन मागे उभे! सगळं वाचलं. कप खाली ठेवायचं भानच नाही.

"मामा, मी मुद्दाम नाही..."

"गप. मांड पट. हत्ती हवा होता तिथेच ठेव. समोर तुझा फोन खेळू दे."

सात वर्षं सांगितलेली बरोबरी. नवव्या चालीला मामांनी हार मानून राजा आडवा केला. त्यांचा चेहरा मला बघवेना.

साक्षीला बोलावलेल्या शेजारच्या शिंपीणकाकू म्हणाल्या, "साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नसतं हो."

मामा म्हणाले, "मग पट नको. सही करतो.")

कलम ३ रद्द. पटही ताईला. तिला हत्ती कसा चालतो तेही ठाऊक नाही.

स्थळ: मामांचं स्वयंपाकघर. जहाज सुटायच्या आदली दुपार.

सही: भटक्या

साक्षीदार: शिंपीणकाकू

साक्षीदार: मामा. वाचलं, खरं आहे. एक दुरुस्ती: नऊ नव्हे, अकरा चाली टिकलो. गाढवा, नोंद नीट करायला कधी शिकणार?