शिवणवाल्या बाईंचे पाच शब्द

सोमवार, ३

ताई, तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला उतरला का, की अजून पहाटे साऱ्या आळीला उठवतात? थोरलीचं पित्त, धाकट्याची पाठ? त्या लंगड्या मांजरीलाही विचारलंय म्हणून सांग. वही भरली की तुला पाठवीन, तोवर रोज चार ओळी.

माझं इथे झकास बस्तान बसलंय. दवाखान्यामागची खोली, खिडकीत ऊन, एक खाट, एक टेबल, टेबलावर इस्त्री. पांढरा कोट मिळालाय. तो रोज सकाळी मीच इस्त्री करून घालते. शाळा चौथीत सुटली आणि आता डॉक्टरांसारखा कोट. उतारवयात बाशिंग म्हण हवं तर.

काम सोपं: म्हाताऱ्यांच्या स्मरणशक्तीची तपासणी. साठीपुढचं माणूस आलं की आधी माझ्याकडे. त्याच्या कानाला हेडफोन लावायचा, पुढ्यात टॅब ठेवायचा. टॅबमधली बाई गोड आवाजात पाच शब्द सांगते: किल्ली, लिंबू, कात्री, दार, बहीण. मग बोटाने घड्याळ काढायचं आणि शेवटी तेच पाच शब्द परत म्हणायचे. जमलं तर हिरवा कागद निघतो, नाही तर लाल. लाल आला की डॉक्टरीणबाई पुढचं बघतात. पोरसवदा आहेत, पण शिस्तीच्या. मला एकच बजावलंय: मावशी, कोणाला मदत करायची नाही.

गुरुवार, ६

मदत करू नका म्हणणं सोपं असतं. काल एक म्हातारे मास्तर लिंबावर अडले. जन्मभर दुसऱ्यांची परीक्षा घेतलेला माणूस, कपाळावर घाम. मला राहवेना. आंबट तोंड करून दाखवलं. हिरवा. जाताना दोन्ही हात जोडून गेले बिचारे. लाल बघून कोणाचं भलं झालंय?

शुक्रवार, ७

आज शिवणवाल्या बाई आल्या, एकट्याच. आयुष्यभर तोंडात टाचण्या धरून काम केलेलं, त्यामुळे बोलतानाही ओठ मिटलेलेच. म्हणाल्या, डोकं उसवत चाललंय, सुनेला सांगून थकले, ती म्हणते सासूबाईंची नाटकं. घड्याळाचे बाराही आकडे एका कडेला कोंबले. शब्द एकही आठवेना. मी कानाशी कुजबुजले, तर त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, नका सांगू. मी हसले. म्हटलं, अहो लाजता काय, घरचंच आहे. त्यांचं बोट धरून घड्याळ पुरं केलं, लहान मुलाला घास भरवावा तसे पाचही शब्द तोंडात घातले. हिरवा. ‘सगळं ठीक’ असा कागद निघाला. त्याच्याकडे त्या बराच वेळ बघत बसल्या. मला वाटलं, आनंदाने.

सोमवार, १०

शिवणवाल्या बाई गेल्या. इस्त्री चालू राहिली, कापडाच्या ढिगाने पेट घेतला. सून येऊन रडली. म्हणाली, शनिवारी परत तेच सांगत होत्या, मीच तो हिरवा कागद त्यांच्या तोंडासमोर नाचवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तपासणीत तर काहीच नव्हतं. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी कोटाची बाही सारखी करत राहिले. ताई, मी कोणाचं वाईट चिंतलं होतं का?

मंगळवार, ११

टॅबमधला आवाज बदललाय. सकाळच्या आजोबांना काही वेगळं वाटलं नाही. मी हेडफोन कानाला लावला, तर ओठ मिटून बोलल्यासारखं, आणि मागे टाचण्यांची खुळखुळ. पडद्यावर शिवणवाल्या बाईंचं पान उघडं: पुन्हा तपासणी बाकी. पुसलं. परत आलं. पुसलं. परत आलं.

बुधवार, १२

आज ती माझ्याशी बोलली. जिवंत असताना ‘अहो’ म्हणायची, आज ‘अगं’. म्हणाली, माझ्या तोंडात पाच घातलेस, तुझ्या तोंडातून पाच काढते. एकेक टाका उसवीन.

दुपारी खोलीला कुलूप लावायला गेले. कुलुपात फिरवायचं ते, पितळेचं, हातातच होतं. नाव येईना.

गुरुवार, १३

ते पिवळं, आंबट, सरबताचं. तेही गेलं. वहीत मीच लिहिलंय पहिल्या दिवशी, पण अक्षरं नुसत्या मुंग्या.

डॉक्टरीणबाईंपुढे सगळं ओकले. मास्तर, शिवणवाल्या बाई, सगळं. म्हटलं, मला तपासा, माझं डोकं जातंय. त्यांनी बसवलं. मला पहिले दोन शब्द आठवत नव्हते. मग कानात ती कुजबुजली, एकेक शब्द, मायेने, मी सांगायचे तसा. नको, सांगू नको, म्हणत होते मी मनात. जीभ आपोआप बोलत गेली, बोट आपोआप गोल फिरलं—

हिरवा.

डॉक्टरीणबाईंनी पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, मावशी, बाईंचं जाणं फार मनाला लावून घेतलंत, डोकं ठणठणीत आहे तुमचं, त्या चुकीबद्दल आपण मागाहून बोलू, आधी विश्रांती घ्या. कागद दिला. सगळं ठीक.

शुक्रवार, १४

कापड कापायचं. दोन पाती. गेलं.

कोणी ऐकत नाही. ज्याला त्याला कागदच दिसतो. ती म्हणते, लाजतेस काय, घरचंच आहे.

शनिवार, १५

सकाळ. कोट घातलाय. टेबलावरची इस्त्री— बंद केली ना? केली असेल. करपल्याचा वास. तिचाच असेल, जुना.

नाही. धूर आहे.

आत आले ज्यातून, ते— लाकडाचं, भिंतीत असतं— चारही भिंती चाचपल्या. खाटेवर बसलेय. टाचण्या वाजताहेत, अगदी कानाशी.

चार गेले. एक उरलाय, तोच घट्ट धरून लिहितेय. तुझे गुडघे कसे आहेत? लवकर उत्तर लिही. बाकी राहू दे, आधी एवढंच लिही, तू माझी कोण—