नुसती लिव्हर सोडायची होती

मंगळवार, ४ मार्च

सुतळीचा पाय गेला. म्हणजे गेला नाही, चेंगरला. पण शेडमध्ये सगळे 'गेला, गेला' असंच ओरडत होते आणि माझ्या कानात तेच बसलंय.

नीट लिहून काढते. सकाळी अकराच्या सुमारास. क्रेनला पोलादी पत्रा लटकलेला, दारापेक्षा मोठा, चार साखळ्यांवर. मी वर केबिनमध्ये, काका खाली इशारे द्यायला. सहा वर्षं आमची हीच जोडी. काकांनी हात हलवला, मी क्रेन पुढे घेतली. तेवढ्यात सुतळी – आमचा वेल्डर, अंगाने तसाच बारीक म्हणून ते नाव – खाली पडलेलं काहीतरी उचलायला मध्येच शिरला. काकांचे दोन्ही हात ताडकन वर. दोन्ही हात वर म्हणजे थांब! आहे तिथे थांब!

मला दिसलं. स्पष्ट दिसलं.

आणि माझा हात लिव्हरवर तसाच. ही क्रेन थांबवायला काही करावं लागत नाही. लिव्हर सोडली की थांबते. नुसती सोडायची होती! पण बोटं आवळलेली. मी बघतेय, सगळं समजतंय आणि अंग माझं ऐकतच नाही. एक. दोन. तीन. पत्रा आणि पत्रे ठेवायची लोखंडी घोडी यांच्यामध्ये त्याचा पाय सापडला. तो किंचाळला तेव्हा कुठे बोटं सुटली.

नंतर सुपरवायझरने विचारलं, "इशारा दिसला का तुला?" मी तोंड उघडलं. आवाजच नाही. तो म्हणाला, "म्हणजे नाही दिसला." लिहिलं. "सही कर."

केली. सही करताना मात्र बोटं छान चालली!

काका शेजारीच उभे होते. "हात केला होता मी," म्हणाले. सुपरवायझर म्हणाला, "कधी? पाय अडकल्यावर?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

बुधवार, ५ मार्च

उद्या सांगते.

गुरुवार, ६ मार्च

नाही सांगितलं.

शुक्रवार, ७ मार्च

सुपरवायझरच्या दारापर्यंत गेले. वाक्य पाठ केलं होतं – 'इशारा मिळाला होता, मीच थांबले नाही.' सहा शब्द. दारात उभी राहिले आणि पोटऱ्या दगडासारख्या. जीभ टाळूला चिकटलेली. तो म्हणाला, "काय गं?" मी म्हणाले, "हातमोजे हवेत." त्याने दिले. कालही असंच झालं, कालही दिले. परवाचे आहेतच. आता माझ्याकडे हातमोज्यांचे तीन नवे जोड आहेत.

मागून त्याने हाक मारली. "आणि ऐक, तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझी काही चूक नाही. म्हातारा थकलाय आता, नजर राहिली नाही त्याची."

मी मान डोलावली. मान डोलावली!!

शनिवार, ८ मार्च

काकांना इशाऱ्याच्या कामावरून काढलं. चौकशी होईपर्यंत मागच्या गोदामात, नटबोल्ट निवडायला. सव्वीस वर्षं इशारे देणारा माणूस स्टुलावर बसून बोल्ट निवडतोय. मला क्रेन त्यांनीच शिकवली. पहिल्या दिवशी सगळे खाली हसत होते, बाई वर चढणार म्हणून. काका म्हणाले होते, "तू वर जा. खालचं मी बघतो."

आज त्यांच्यासमोरून गेले. "जेवलीस का?" एवढंच विचारलं. राग नाही, टोमणा नाही.

त्यांना माहीत आहे. माहीतच असणार, त्यांनी हात वर केले होते, आणि मी त्यांच्याकडेच बघत होते. माझी नोकरी वाचावी म्हणून गप्प बसलेत. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवार, ९ मार्च

दवाखान्यात जाऊन आले. सुतळीच्या पायात दोन सळ्या घातल्यात. दोन बोटं काढली. चेष्टा करत होता – "आता चप्पल स्वस्तात मिळेल का, विचार." बायको हसली नाही. तिने माझा हात धरला, "तुम्हाला किती धक्का बसला असेल!" हात काढून घ्यावासा वाटला. तेही जमेना.

निघताना तो म्हणाला, "काकांना विचार, डोळा लागला होता का म्हणून." मी म्हणाले, "विचारते."

लिहितानाच लाज वाटतेय.

सोमवार, १० मार्च

क्रेन तपासून झाली. आज सुरू. सोळा पायऱ्यांची शिडी, सहा वर्षं पळत चढलेय. आज नवव्या पायरीवर अडकले. वरही नाही, खालीही नाही. खाली नवा इशारेवाला ओरडतोय, "काय झालं?" ऐकू येत होतं, पण लांबून, विहिरीतून यावं तसं. किती वेळ गेला माहीत नाही. मग उतरले. चक्कर आली म्हणून सांगितलं. आणखी एक खोटं. आता तेही सांभाळायचं.

बुधवार, १२ मार्च

रजा. दिवसभर पलंगावर. दोन्ही बाजूंनी विचार केला. सांगितलं तर क्रेन जाईल, नोकरी जाईल, कदाचित पोलीस. नाही सांगितलं तर काका जातील. मग वाटलं, त्यांची नोकरीची दोनच वर्षं राहिलीत. मग स्वतःचीच किळस आली. मग परत तोच हिशेब. संध्याकाळी लक्षात आलं, सकाळपासून पाणीसुद्धा प्यायले नाही.

ठरवणं म्हणजे काय असतं? लोक कसं ठरवतात?

गुरुवार, १३ मार्च

जेवणाच्या सुट्टीत गोदामाच्या मागच्या खिडकीतून काका दिसले. एकटेच. भिंतीकडे तोंड करून दोन्ही हात वर केले. खाली घेतले. परत वर. पाच-सहा वेळा. खांदा धरला असेल स्टुलावर बसून. विचारायला जाणार होते, पाय निघाला नाही.

चौकशी मंगळवारी.

रविवार, १६ मार्च

ताईला सांगितलं!

ती भांडी विसळत होती, माझ्याकडे पाठ. तोंड दिसत नव्हतं म्हणूनच जमलं बहुतेक. सगळं सांगितलं, लिव्हर, सही, हातमोजे, दवाखाना. नळ चालूच. मला वाटलं ऐकलंच नाही तिने. मग नळ बंद केला, हात पुसले.

"मग? काकांना कधी सांगणारेस?"

रडू आलं. म्हटलं, मला होत नाही गं, अंग गोठतं, भित्री आहे मी. ती म्हणाली, "गोठतं हे खरं. त्याचा भित्रेपणाशी काय संबंध? रोज बघते मी." ताई पोहायला शिकवते. उंच फळीवर चढून मुलं अशीच खिळतात म्हणे, धीट मुलंसुद्धा. "त्यांना 'मार उडी' म्हटलं तर आणखी घट्ट होतात. मी सांगते, पायाची बोटं हलव. फक्त बोटं. मोठं काही हलत नसेल तर बारकं हलवायचं."

"आणि तरी नाही हललं तर?"

"तर नाही. परत हलवायचं. पण भीती जायची वाट बघत बसलीस ना, तर तू निवृत्त होशील."

हसले मी. बारा दिवसांनी.

सोमवार, १७ मार्च

चौकशीत खरं बोलणार आहे, हे काकांना आधी एकट्याला सांगायचं ठरवलं होतं. गोदामाला कुलूप. ते रजेवर.

बुटाच्या आत बोटं हलवून बघितली. हलतात. त्याने काही होत नाही, पण हलतात.

मंगळवार, १८ मार्च

लांब टेबल. मोठे साहेब, सुरक्षा खात्याच्या बाई, सुपरवायझर. समोर मी आणि काका, मध्ये एक रिकामी खुर्ची. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

साहेबांनी माझा जबाब वाचला. "इशारा मिळाला नाही. बरोबर?"

झालं. तेच. मानेपासून खाली सगळं बंद. बोटं हलवली – हलली का नाही कळलं नाही. तोंड उघडं, आवाज नाही. सुपरवायझर म्हणाला, "बरोबरच आहे साहेब, ती अजून धक्क्यात आहे." काका खाली बघत होते. साहेबांनी पेनचं टोपण काढलं.

मला बोलता येणार नाही हे तेव्हा पक्कं कळलं. मग मी उभी राहिले. कशी ते सांगता येणार नाही, खुर्ची मागे पडली एवढं आठवतंय. उभी राहिले आणि दोन्ही हात वर केले. पूर्ण. कोपरं ताठ.

सगळे बघायला लागले. बाई म्हणाल्या, "हे काय?"

आणि आवाज फुटला. घोगरा, चिरका, पण फुटला. "हे असं. यांनी असं केलं होतं. पाय अडकायच्या आधी. मी बघितलं. मी लिव्हर सोडली नाही. सुटली नाही माझ्याकडून. यांची काही चूक नाही."

सुपरवायझर म्हणाला, "अगं, मग त्या दिवशी का नाही बोललीस?"

"घाबरले."

एकच शब्द. दोन आठवडे तोच गिळत होते. घाम कानामागून वाहत होता. भीती तसूभरही कमी झाली नव्हती. बोलले तरी.

क्रेनवरून खाली, तीन महिने तरी. पुढचं नंतर कळवतील. दुपारी सुतळीला फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्याने. मग फोन ठेवून दिला. त्याला तो हक्क आहे. रविवारी जाईन. दार उघडलं नाही तर बाहेर उभी राहीन.

काका चौकशीतून निघून गेले ते दिसलेच नाहीत. रागावले असतील. असू देत.

बुधवार, १९ मार्च

सकाळी काका फाटकापाशी थांबले होते. मी म्हटलं, "काका, माफ करा. तुम्ही मला वाचवत होतात आणि मी..."

"वाचवत?" ते म्हणाले. "मी कुठे वाचवत होतो, पोरी? तू इशारा दिसला नाही म्हणालीस. तू खोटं बोलणार नाहीस. मग मला वाटलं, माझाच हात वर गेला नसेल. पंधरा दिवस मी तेच धरून बसलो होतो."